स्पॅनिश कैद्याची पत्रे : बनावट पत्रांची परीक्षा आणि त्यांचा उपहास

बनावट कागद ओळखणे हे इतिहाससंशोधकाचे पहिले काम होय. परंतु एकदा कागद बनावट ठरला म्हणजे आपण तो बाजूस सारतो आणि अस्सल कागदांकडे वळतो. वास्तविक बनावट कागद हाही एका अर्थी अस्सलच असतो. ज्या घटनेविषयी तो बोलतो तिचा पुरावा तो नसेल. पण ज्याने तो लिहिला त्याच्या हेतूचा, आणि ज्याने त्यावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा होती त्याच्या मनाचा, तो पहिल्या प्रतीचा पुरावा असतो. या दृष्टीने ज्या एका पत्रप्रकाराचा विचार व्हावयास पाहिजे, तो आज जवळजवळ प्रत्येक वाचकाच्या संग्रही आहे. परदेशातील एखाद्या मृत सेनापतीची विधवा, बँकेचा अधिकारी किंवा मरणासन्न व्यापारी आपणांस ई-मेल लिहून कोट्यवधी डॉलरांत वाटा देऊ करतो आणि त्यापूर्वी किरकोळ खर्चासाठी थोडी रक्कम मागतो, तो हा प्रकार. ही पत्रे आपण हसून पुसून टाकतो. प्रस्तुत लेखात ती थोडा वेळ जपून ठेवावयाची आहेत.

आपल्याकडे पत्रचिकित्सेची परंपरा जुनी आहे. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून मराठी अभ्यासकाला कागदाचे बहिरंग आणि अंतरंग वेगवेगळे तपासण्याची सवय लागली. कागद, शाई, अक्षराचे वळण, शिक्का आणि मोर्तब हे बहिरंग. मायना, मिती, भाषा आणि मजकुरातील संगती हे अंतरंग. यांपैकी मायन्याचे महत्त्व नवशिक्याला सहसा कळत नाही. 'तीर्थरूप' कोणास लिहावे, 'राजश्री' कोणास, 'चिरंजीव' कोणास, हे ठरलेले असे. त्यामुळे मायना वाचताच लिहिणारा आणि वाचणारा यांचे परस्परांशी नाते व दर्जा उघड होई. मायना चुकला की जाणत्या कारकुनाला मजकूर वाचण्यापूर्वीच शंका येई.

आता वर सांगितलेले ई-मेल पाहा. त्याच्या आरंभी 'प्रिय मित्र' असते, 'प्रिय महोदय' असते, क्वचित 'ईश्वराच्या कृपेने प्रिय' असते. नाव मात्र नसते. हा मायना कोणालाच उद्देशून नाही. जो माणूस आपल्या हाती सर्व संपत्ती सोपवावयास निघाला आहे, त्याला आपले नाव ठाऊक नाही! ही एकच विसंगती खरे पाहता पुरेशी आहे.

बहिरंग परीक्षाही अवघड नाही, फक्त ती कोठे करावयाची हे समजले पाहिजे. ई-मेल पोचविण्याची जी पद्धत १९८२ मध्ये लिखित स्वरूपात निश्चित झाली, तीत पत्र धाडणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय नव्हती. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसे प्रेषकाच्या रकान्यात वाटेल ते लिहिता येते. परंतु पत्र ज्या ज्या सर्व्हरमधून जाते, तो तो आपली नोंद वरच्या बाजूला चढवितो. जुन्या टपालावरील मुक्कामाच्या शिक्क्यांसारखीच ही नोंद खालून वर वाचावयाची असते. सर्वांत खालच्या ओळी पत्र धाडणाराच रचू शकतो, म्हणून त्यांवर विसंबून चालत नाही. आपल्या स्वतःच्या सर्व्हरने केलेली नोंद तेवढी भरवशाची. पुढे डिजिटल स्वाक्षरीची पद्धत आली आणि मोर्तबाची उणीव पुष्कळशी भरून निघाली. तथापि त्यातही एक मेख आहे. फुकट मिळणाऱ्या खात्यावरून ठकाने पत्र धाडले तर त्यावरील मोर्तब खरेच असते. शिक्का खरा आणि मजकूर खोटा, हा प्रकार मराठी दप्तरांच्या अभ्यासकाला नवा नाही.

या पत्रांचा वंश बराच मागे नेता येतो. फ्रान्समध्ये प्रथम गुन्हेगार आणि नंतर पोलिसांच्या गुप्त पथकाचा प्रमुख झालेला विदोक याने १८२८-२९ मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील तुरुंगात तो स्वतः बंदी होता. तेथील कैदी ज्यांना आपल्या बोलीत 'जेरुसलेमची पत्रे' म्हणत, त्यांचे त्याने वर्णन केले आहे. पत्राचा लेखक आपण एका सरदाराचा सेवक असल्याचे सांगे. राज्यक्रांतीच्या धामधुमीत धन्यासह देश सोडताना सोने व हिरे भरलेली पेटी वाटेत टाकून द्यावी लागली. पुढे ती शोधण्यासाठी परत आलो असता पकडला गेलो. आता तुरुंगात आहे आणि हाती पैसा नाही. थोडे साहाय्य मिळाल्यास पेटीची जागा दाखवीन, असा मजकूर. विदोक म्हणतो की शंभर पत्रे धाडली तर वीसांना उत्तर हटकून येई. या पत्रांवर भरवसून पॅरिसमधील एक कापडव्यापारी पाँ-नफ या पुलाची कमान खणताना पकडला गेला, कारण बुइयाँच्या डचेसचे हिरे तेथे पुरले आहेत अशी त्याची समजूत करून देण्यात आली होती, असेही त्याने नमूद केले आहे. पूल सुदैवाने अद्याप उभा आहे.

शंभरात वीस हे प्रमाण आज कोणासही अविश्वसनीय वाटेल, आणि विदोक हा काही अतिशयोक्तीला भिणारा लेखक नव्हे. तरीही त्याने दिलेला एक तपशील विचारात घेण्याजोगा आहे. निरनिराळ्या प्रांतांतून नवे कैदी तुरुंगात सतत येत असत आणि त्यांच्याकडून त्या त्या गावच्या धनिकांची नावे व पत्ते मिळविले जात. म्हणजे ही पत्रे वाऱ्यावर सोडलेली नव्हती. प्रत्येक पत्र हाताने लिहावे लागे, तुरुंगाबाहेर जावे लागे. म्हणून ते कोणास धाडावयाचे हे आधी ठरविले जाई. शिवाय क्रांतीच्या काळात शेकडो सरदार खरोखरच देशोधडीला लागले होते आणि अनेकांनी आपले द्रव्य खरोखरच पुरून ठेवले होते. गोष्ट खोटी होती, पण काळ तिला साक्ष देत होता.

आपल्या इतिहासातील तोतयाची कथा येथे आठवते. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले. पुढे त्यांचा तोतया उभा राहिला, त्याच्याभोवती माणसे जमली, किल्ले त्याच्या हाती गेले आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. तोतयाची फसवणूक साधली ती त्याच्या रूपसाम्यामुळे की भाऊ जिवंत असावेत या लोकांच्या इच्छेमुळे? पार्वतीबाईंनी पतीच्या मृत्यूवर विश्वास ठेवला नाही, हे सर्वश्रुत आहे. ज्याच्या मनात एक जागा आधीच रिकामी आहे, त्याच्याकडेच तोतया जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिसेत्रचे पत्र स्पेनमध्ये गेले आणि 'स्पॅनिश कैदी' या नावाने जगभर फिरू लागले. कथानक थोडे समृद्ध झाले. स्पेनच्या एखाद्या किल्ल्यात राजकीय कारणावरून अडकलेला सज्जन गृहस्थ, त्याची निराधार कन्या, मध्यस्थी करणारा धर्मगुरू, आणि न्यायालयाच्या ताब्यात असलेली, चोरकप्पा असलेली पेटी. न्यायालयाचा खर्च भरला की पेटी सुटणार आणि साहाय्यकर्त्याला ठेव्याचा मोठा हिस्सा व कन्येचे पालकत्व मिळणार. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १८९८ मध्ये, म्हणजे राजवाड्यांचा पहिला खंड निघाला त्याच वर्षी, ही जुनी फसवणूक पुन्हा डोके वर काढीत असल्याचे वृत्त दिले. त्यात कागदाचे वर्णन आहे ते आपल्या दृष्टीने मोलाचे आहे. पत्र परदेशी टपालासाठी वापरतात तशा पातळ, निळ्या, रेघांच्या कागदावर असे. त्याचे इंग्रजी बऱ्यापैकी शिकलेल्या परक्या माणसाचे, अधूनमधून एखादा शब्द चुकीचा आणि एखादी परकी शब्दयोजना, असे असे.

येथे अंतरंग परीक्षेचा नेहमीचा नियम उलटतो. भाषेतील चूक बनावटपणा उघड करते, असे आपण मानतो. स्पॅनिश कैद्याच्या पत्रात मात्र चूक हाच त्याच्या खरेपणाचा दाखला होता. स्पेनमधील कैद्याने निर्दोष इंग्रजी लिहिले असते तर संशय आला असता! चूक ही निष्काळजीपणाची खूण नसून ती मोजून पेरलेली होती.

विसाव्या शतकात या पत्राचे केंद्र पश्चिम आफ्रिकेकडे, विशेषतः नायजेरियाकडे सरकले. १९८० नंतर तेलाच्या किमती उतरल्या, शिकलेल्या तरुणांना काम मिळेना, आणि लष्करी राजवटीतील लूट सर्वांच्या डोळ्यांदेखत चालली होती. प्रथम टपालाने, मग टेलेक्स व फॅक्सने आणि १९९० नंतरच्या दशकात ई-मेलने ही पत्रे जाऊ लागली. नायजेरियाच्या फौजदारी संहितेतील ज्या कलमाखाली हा गुन्हा येतो त्यावरून त्यास 'चारशे एकोणीस' हे नाव पडले. मराठी वाचकाला 'चारशे वीस' हा शब्द भारतीय दंडसंहितेमुळे परिचित आहे. १८६० ची ती संहिता १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी लोकभाषेतला चारशे वीस काही इतक्यात निवृत्त होत नाही. गंमत अशी की त्या जुन्या संहितेचे चारशे एकोणिसावे कलमही तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीच्या शिक्षेचेच होते. दोन संहितांचा उगम निराळा. हा केवळ आकड्यांचा योगायोग होय.

जनरल सानी अबाचा हा नायजेरियाचा लष्करी शासक १९९८ च्या जूनमध्ये मरण पावला. त्याने देशाबाहेर अफाट पैसा नेला होता, हे पुढे स्वित्झर्लंडसारख्या देशांनी तो परत केल्यावर निर्विवाद सिद्ध झाले. त्याच्या विधवेच्या नावाने हजारो पत्रे सुटली, ती याच कारणाने. बिसेत्रच्या पत्रामागे क्रांती होती, स्पॅनिश पत्रामागे स्पेनमधील यादवी व वसाहतींतील बंडे होती, आणि या पत्रामागे अबाचाची खरी लूट होती. खोट्या पत्राला नेहमी एक खरी बातमी लागते. किंबहुना अशा पत्रांचा संग्रह कालानुक्रमे लावला तर जगातील उलथापालथींची एक ओबडधोबड बखर तयार होईल.

फसतात ते केवळ भोळे व अडाणी लोक, हा समज मात्र सोडून द्यावा. ब्राझीलमधील साऊँ पाउलो येथील बांको नोरोएस्ते या बँकेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने १९९५ ते १९९८ या काळात, अबुजा येथे नवा विमानतळ होणार असून त्यात भरघोस दलाली मिळणार या आश्वासनावर, बँकेचे सुमारे २४ कोटी २० लाख डॉलर ठकांच्या हवाली केले. ठकांपैकी मुख्य माणूस नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर असल्याची बतावणी करीत होता. बँक बुडाली. २००५ मध्ये त्या तोतयास २५ वर्षांची शिक्षा झाली. या प्रकरणी फसलेला मनुष्य हिशेब जाणणारा होता.

मग पत्रे इतकी ढोबळ का असतात? संगणकशास्त्रज्ञ कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये याच प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की पत्र धाडण्यास काहीच खर्च येत नाही, पण उत्तर देणाऱ्याशी पुढे आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार करण्यास मोठा वेळ लागतो. म्हणून जो शेवटी पैसे देणार नाही त्याने उत्तरच देऊ नये, यातच ठकाचे हित आहे. 'मी नायजेरियाचा' असे पहिल्याच ओळीत सांगितले की शहाणी माणसे हसून दूर होतात आणि जो उरतो तो कामाचा. पत्राचा ढोबळपणा ही चाळणी आहे.

हा युक्तिवाद चतुर आहे. तो गणिती प्रतिमानावर उभा आहे, ठकांच्या कबुलीवर नव्हे, हे ध्यानात ठेवूनही प्रस्तुत लेखकास तो मान्य करावासा वाटतो. कारण विदोकच्या वर्णनाशी तो उलट्या बाजूने जुळतो. जेथे पत्र महाग तेथे चाळणी पत्र धाडण्यापूर्वी लागते, जेथे पत्र फुकट तेथे ती धाडल्यानंतर लागते. बिसेत्रचा कैदी नावे निवडीत होता. ई-मेलचा ठक आपल्याकडूनच आपली निवड करवून घेतो.

आता उपहासाकडे वळू. बनावट कागद आणि हसू यांचे नाते प्राचीन आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचे राज्य पोपला दिले असे सांगणारे दानपत्र बनावट आहे हे लोरेंत्सो वाल्ला याने १४४० मध्ये दाखविले, तेव्हा त्याने केवळ पुरावे मांडले नाहीत. त्या लेखाच्या अज्ञात कर्त्याची यथेच्छ टवाळी केली. रोमच्या दरबारात 'सत्रप' कोठून आले, असा त्याचा सवाल होता. ही टवाळी विद्वत्तेचा भाग होती, कारण ज्याची ती केली गेली तो कागद बलवान होता. त्याला हसणे धोक्याचे होते.

ई-मेलच्या ठकांची टवाळीही आरंभी निरागस होती. २००५ मध्ये विनोदी संशोधनासाठी दिले जाणारे इग नोबेल पारितोषिक साहित्य विभागात नायजेरियाच्या या अज्ञात पत्रलेखकांना जाहीर झाले. अबाचा व त्याची विधवा यांसारखी पात्रे वाचकांच्या परिचयाची करून दिल्याबद्दल! जेम्स व्हीच या इंग्रज विनोदकाराने ठकांना मुद्दाम उत्तरे धाडून त्या पत्रव्यवहाराची कथा २०१५ मध्ये व्याख्यानातून व पुस्तकातून सांगितली, आणि ती कोट्यवधी लोकांनी पाहिली. ठकाचा जितका वेळ आपण खाऊ तितका तो दुसऱ्या गरीब माणसाला कमी मिळेल, हे अशा लोकांचे समर्थन असते आणि हर्लींच्या हिशेबाने ते बरोबरही आहे.

परंतु २००३ च्या सुमारास संघटितपणे हा उद्योग करणारे जे गट उभे राहिले, त्यांची मजल पुढे गेली. एका ठकास काल्पनिक पंथाची दीक्षा म्हणून छातीवर लाल चिन्ह रंगवून छायाचित्र धाडावयास लावले गेले आणि वर त्याच्याकडूनच ८० डॉलर घेतले गेले. ठकांना तासन्‌तास खपून लाकडी वस्तू कोरावयास लावणे, अवमानकारक फलक हाती धरून उभे करणे, ती छायाचित्रे विजयचिन्हे म्हणून मांडणे, हे नित्याचे झाले. एका ठकास पैशाच्या आशेने चाड देशातील युद्धग्रस्त भागात पाठविण्यात आले. २००८ मध्ये अमेरिकन नभोवाणीवर ही हकीगत सांगितली गेली तेव्हा त्यात सहभागी असलेल्यांना तिचे विशेष वाईट वाटलेले दिसले नाही. लिसा नाकामुरा यांसारख्या अभ्यासकांनी या छायाचित्रांत वंशद्वेषाची जुनी दृश्ये पुन्हा दिसतात, हे २०१४ मध्ये साधार दाखविले आहे. गोऱ्या प्रेक्षकांपुढे काळ्या माणसाने अपमानित होऊन उभे राहावे, ही मांडणी ई-मेलहून फार जुनी आहे. ठक हा ठकच होता, हे खरे. पण वाल्लाच्या हसण्याचा विषय कागद होता आणि येथे तो माणसाचे शरीर झाला.

अलीकडील घटनांनी या प्रश्नास आणखी एक वळण दिले आहे. आग्नेय आशियात, मुख्यतः म्यानमार व कंबोडिया येथे, अशा फसवणुकीचे बंदिस्त कारखाने उभे राहिले. नोकरीच्या खोट्या जाहिरातींनी तरुणांना तेथे नेऊन, पारपत्र काढून घेऊन, मारहाणीच्या धाकाने त्यांच्याकडून परक्यांना संदेश लिहवून घेतले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ च्या अहवालात म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसे अशा स्थितीत असावीत असे म्हटले. मार्च २०२५ मध्ये भारताने वायुदलाच्या विमानांतून आपल्या पाचशेहून अधिक नागरिकांना थायलंडमार्गे तेथून परत आणले. विदोकच्या काळी कैदी पत्र लिहीत, पण ते पत्र लिहिण्यासाठी कैद झालेले नव्हते. स्पॅनिश कैदी तर केवळ कल्पनेत होता. येथे पत्राचा लेखक खरोखरच कैदी आहे, फक्त पत्रात तो तसे सांगत नाही. पत्राच्या पलीकडे कोण बसले आहे हे आपणांस कळत नाही, तोवर हसावे किती, हा प्रश्न उरतोच.

दुसरीकडे ओळखण्याची जुनी साधनेही बोथट होत आहेत. यंत्राने केलेल्या मराठी भाषांतरातील लिंग-वचनांचा गोंधळ हा काही वर्षांपूर्वी हमखास दाखला होता. २०२२ च्या अखेरीपासून संगणकाकडून शुद्ध व वळणदार भाषा लिहवून घेणे सर्वांना सुलभ झाले आणि मराठीही त्याला अपवाद नाही. अशा स्थितीत भाषेची परीक्षा सोडून मागणीची परीक्षा करावी लागते. बिसेत्रपासून आजवर तीन गोष्टी बदललेल्या नाहीत : घाई करावयास सांगितले जाते, कोणास न सांगण्याविषयी बजावले जाते, आणि मोठ्या लाभापूर्वी लहान खर्च मागितला जातो. व्याकरण निर्दोष असले तरी ही त्रयी लपत नाही.

याबाबतीत जवळचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. प्रस्तुत लेखक पूर्वी ज्या संस्थेत अध्यापन करीत होता तेथे एका नवनियुक्त अध्यापिकेस विभागप्रमुखांच्या नावे ई-मेल आले. मायना अचूक होता. तिचे नाव होते, खाली प्रमुखांचे नाव व पद होते. 'मी सभेत आहे, फोन घेता येणार नाही, काही भेटपत्रे तातडीने खरेदी करून त्यांवरील क्रमांक कळवा, याविषयी तूर्त कोणास बोलू नका' एवढाच मजकूर. तिने खरेदी केली आणि क्रमांक कळविले. पत्ता फुकट खात्यावरचा होता. तो तिने पाहिला नाही, कारण तिने नाव पाहिले. ज्येष्ठांच्या आज्ञेवर प्रश्न करावयाचा नाही हे आपण ज्या घरांत व ज्या वर्गांत शिकवितो, त्यांतूनच ती आलेली होती. हे पत्र भोळेपणावर नव्हे, आदरावर बेतलेले होते. चहाच्या वेळी यावर पुष्कळ हसणे झाले. त्या हसण्यात प्रस्तुत लेखकाचाही आवाज होता, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. परिणाम असा झाला की तिने पोलिसांकडे तक्रार केली नाही आणि पुढच्याच आठवड्यात आलेले तसलेच पत्र दुसऱ्या एका सहकाऱ्याने कोणास दाखविले नाही. त्याने किती गमावले हे अद्याप कोणास ठाऊक नाही.

साधनचिकित्सेचा विषय पुढे त्याच अध्यापिकेकडे आला. पहिल्या तासाला ती मोडी पत्रांच्या छायाप्रतींबरोबर त्या ई-मेलची प्रत वर्गात वाटते आणि कोणता कागद बनावट ते ओळखावयास सांगते. विद्यार्थी ई-मेल तत्काळ ओळखतात आणि हसतात. मग ती त्यांना त्या पत्राची तारीख वाचावयास सांगते, पत्र कोणास आले होते ते सांगते, आणि मायन्यापासून पुन्हा आरंभ करते.